स्वस्त रिव्हॉल्व्हर, महागडे पिस्तूल आणि स्टेटसवरचा फोटो

तराजू :

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी सराफीचा धंदा करतो. वडिलांच्या काळात आमच्या पेढीवर बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) दुनळी असायची. त्यांच्या पश्चात ती रीतसर जमा केली आणि २००९ साली माझ्या नावावर रिव्हॉल्व्हरचा परवाना झाला. तेव्हापासून माझ्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले .३२ बोअरचे साधे रिव्हॉल्व्हर आहे. इतक्या वर्षांत ते मी कोणाच्या दिशेने कधी धरले नाही, आणि धरावे लागू नये अशीच इच्छा आहे.

यंदाच्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणे पाटावर तराजू, वजने, कसोटीचा दगड, हिशेबाच्या वह्या आणि शेवटी रिव्हॉल्व्हर अशी मांडणी केली. काडतुसे काढून तिजोरीत ठेवली होती. हळदकुंकू वाहून झाले, झेंडूचे फूल ठेवले आणि मी आरतीचे तबक आणायला आत गेलो, तेवढ्यात माझ्या एकोणीस वर्षांच्या पुतण्याने रिव्हॉल्व्हर पाटावरून उचलले, आरशासमोर उभे राहून फोटो काढला आणि तो स्टेटसवर टाकला. हे मला कळले ते दोन दिवसांनी, पोलीस ठाण्यातून फोन आल्यावर. पुढे परवाना शाखेची नोटीस आली. हत्यार दुसऱ्याच्या हाती गेलेच कसे, याचा लेखी खुलासा मी दिला, चूक मान्य केली आणि लेखी ताकिदीवर प्रकरण मिटले. चूक माझी होती, पुतण्याची नंतर. हत्यार पाटावर ठेवून मी खोलीबाहेर पाऊल टाकायलाच नको होते.

पण हा धागा काढण्याचे कारण थोडे वेगळे आहे. गावात ही गोष्ट पसरल्यावर मला भेटलेल्या परवानाधारकांपैकी तिघांनी जवळजवळ एकाच शब्दांत विचारले, की एवढ्या साध्या रिव्हॉल्व्हरचा फोटो टाकून काय मिळवले? त्यातल्या एकाने तर आपले जुने जर्मन पिस्तूल मोबाइलवर काढून दाखवले आणि ते किती लाखांना घेतले तेही सांगितले. म्हणजे फोटो टाकला हे त्यांना खटकले नव्हते. स्वस्त हत्याराचा टाकला, हे खटकले होते. तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

आपल्याकडे हत्याराची किंमत कशाने ठरते, हे परवाना घेताना मला कोणी सांगितले नव्हते. खासगी व्यक्तीला परदेशी हत्यार आयात करण्याची वाट १९८० च्या दशकात बंद झाली. तेव्हापासून देशात जी जुनी वेब्ली, वाल्थर, कोल्ट आहेत तीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहिली आणि दर फेरीला त्यांची किंमत चढत गेली. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची स्प्रिंग, झिजलेली नळी, न मिळणारे सुटे भाग, आणि किंमत मात्र नव्या भारतीय रिव्हॉल्व्हरच्या अनेक पटींनी. शिवाय ९ मिलिमीटर, .३८, .४५५ ही सारी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत, त्यामुळे लाखोंचे पिस्तूल घेतले तरी त्यातून बहुतेक वेळा .३२ चेच काडतूस उडणार. सराफ म्हणून सांगतो, सोन्यात किंमत वजनाला आणि कसाला असते. इथे ती केवळ दुर्मिळतेला आहे.

माझे म्हणणे असे आहे की साध्या, स्वस्त, कारखान्यातून तपासून आलेल्या हत्याराचा सर्वांत मोठा गुण हाच की ते दाखवावेसे वाटत नाही. त्याच्याकडे माणूस फवारणीच्या पंपाकडे पाहतो तसे पाहतो: पुसून ठेवावे, चालते का पाहावे, कुलूप लावावे. महाग हत्यार मात्र डब्यात राहत नाही, ते लग्नात जाते. मला यावर जाणकारांची मते हवी आहेत, माझ्या विरुद्ध असली तरी चालतील.

निवृत्त_अंमलदार :

तराजूसाहेब, आपण चूक उघडपणे लिहिलीत हे चांगले केले. माझी तेहेतीस वर्षे पोलीस खात्यात गेली. त्यातली शेवटची काही वर्षे मी ठाण्यात मुद्देमालाचे आणि निवडणुकीच्या काळात जमा होणाऱ्या शस्त्रांचे काम पाहिले. आचारसंहिता लागली की छाननी समिती यादी ठरवते आणि परवानाधारक हत्यार घेऊन रांगेत उभे राहतात. क्रमांक ताडून पाहायचा, काडतुसे मोजायची, चिठ्ठी बांधायची, पावती द्यायची. एका दिवसात चाळीस-पन्नास हत्यारे हातांखालून जात.

त्या रांगेत मला जे दिसले ते सांगतो. साधे रिव्हॉल्व्हर आणणारा माणूस बहुधा ते जुन्या कापडी पिशवीत, तेल लावून, काडतुसांचा हिशेब वहीत लिहून आणायचा. महागडे पिस्तूल आणणाऱ्यांपैकी अनेकांचे कातडी म्यान चकचकीत असे, मुठीवर नक्षी असे, आणि मॅगझिन काढा म्हटले की ते कोणत्या बाजूने निघते हे त्यांना ठाऊक नसे. एका गृहस्थांच्या पिस्तुलाच्या नळीत कोळ्याचे जाळे मी स्वतः टॉर्च लावून पाहिले आहे. त्याच पिस्तुलासह त्यांचे गावाच्या चौकातले फलक लागलेले होते. सगळे तसे असतात असे नाही, परंतु सर्रास दिसणारी गोष्ट मी सांगितली.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण पुष्कळांचा समज अजून जुना आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल न्यायचे तर ते म्यानात किंवा पिशवीत असले पाहिजे, आणि ते बाहेर काढून मिरवणे, रोखणे किंवा हवेत उडवणे याला सक्त मनाई आहे. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील असे ठरले, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षे झाली, आणि आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून कोणाचा जीव धोक्यात घालणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कोणी जखमी झाले नाही तरीही हा गुन्हा लागतो, हे वाक्य लग्नघरात वाचून दाखवायला हवे.

गोदाकाठ :

मी बीड जिल्ह्यातला आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्या हत्येनंतर जिल्ह्यातील दहशतीची चर्चा सुरू झाली तेव्हा शस्त्र परवान्यांचा आकडा लोकांसमोर आला: एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या, कमरेचे पिस्तूल दाखवणाऱ्यांच्या चित्रफिती एकामागून एक बाहेर आल्या. त्यांतल्या कित्येक जुन्या होत्या. म्हणजे वर्षानुवर्षे आम्ही त्या पाहत होतो, पसंतीचा अंगठा देत होतो आणि पुढे सरकत होतो. २०२५ च्या सुरुवातीला प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

मी एका हळदीच्या कार्यक्रमात हजर होतो. नवरदेवाच्या मामाने मांडवाच्या कडेला उभे राहून वर दोन गोळ्या झाडल्या. पहिल्या गोळीला टाळ्या पडल्या. दुसरी गोळी झाडताना त्याचा हात डीजेच्या ठेक्यावर हलत होता आणि नळी सरळ वर नव्हती, ती समोरच्या पत्र्याच्या शेडकडे कलली होती. त्या शेडमध्ये आचारी भजी तळत होते. नशिबाने गोळी पत्र्यावरून गेली. मी शेडमध्ये गेलो तेव्हा एक आचारी झारा हातात धरून तसाच उभा होता आणि कढईतली भजी काळी पडत होती. बाहेर वाद्य चालूच होते.

गोळी सरळ आकाशात गेली तर खाली येताना तिचा वेग पुष्कळ कमी होतो, तरी डोक्यात बसली तर जीव घेऊ शकते. तिरकी गेली तर ती आपला मूळ वेग बराचसा राखून दूरच्या घरात शिरते. लग्नात नाचणारा माणूस नळी काटकोनात धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडातील एका लग्नातील गोळीबाराच्या खटल्यात खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष ठरवला, पण भरलेली बंदूक गर्दीत नेऊन चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव नव्हती, हे काही मानले नाही.

तराजूसाहेब, आपल्या मुद्द्याशी मी अर्धा सहमत आहे. त्या मामाकडचे रिव्हॉल्व्हर आपल्यासारखेच साधे होते. प्रदर्शनाला किंमत लागत नाही, प्रेक्षक लागतात.

दत्ता_पा :

माझे मत वेगळे आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो. माझा पेट्रोल पंप महामार्गावर आहे. रात्रीची रोकड असते. कमरेला हत्यार आहे हे चार लोकांना माहीत असले तर चोर दहा वेळा विचार करतो. कोणाला ठाऊकच नाही, तर त्या हत्याराचा वचक काय? वेळ आल्यावर गोळी झाडण्यापेक्षा वेळच येऊ न देणे बरे, असे मला वाटते. फोटो टाकणे चूक, लग्नात उडवणे तर गुन्हाच. परंतु थोडे दिसणे आणि मिरवणे यात फरक आहे. स्वस्त-महागाबद्दल म्हणाल तर मी मध्यम किमतीचे पिस्तूल घेतले आहे आणि समाधानी आहे.

तराजू :

दत्ताभाऊ, आपला प्रश्न रास्त आहे आणि मीही पहिली दोन वर्षे असाच विचार करीत होतो. गल्ल्यावर बसताना सदऱ्याचा घोळ मुद्दाम मागे सारून बसायचो. मग आमच्या व्यवसायातल्या एका वयस्कर गृहस्थांनी मला एक गोष्ट विचारली: दरोडा घालायला येणारे चौघे असतील आणि तुझ्या कमरेला काय आहे हे त्यांना आधीच ठाऊक असेल, तर ते पहिला वार कोठे करतील? मी उत्तर देऊ शकलो नाही. भुरटा चोर हत्यार पाहून मागे फिरतो हे खरे आहे. ठरवून आलेली टोळी मात्र हत्यार पाहून परत जात नाही, ती तयारीने येते, आणि ज्याच्याकडे हत्यार आहे त्यालाच आधी आडवा करते. त्यातच हत्यार त्यांच्या हाती लागले तर पुढे त्याने जे काही घडेल त्याची चौकशी आपल्या दारात येते. वचकासाठी मी दुकानात कॅमेरे, आतून बंद होणारे लोखंडी दार आणि पोलीस ठाण्याशी जोडलेला भोंगा बसवला. त्या साऱ्याचा खर्च महागड्या पिस्तुलाच्या निम्म्याहून कमी आला.

ओहायोकर :

मी मूळचा सांगलीचा, गेली अकरा वर्षे ओहायो राज्यात आहे. इथली परिस्थिती आपल्याकडच्या अगदी उलट आहे. जून २०२२ पासून या राज्यात एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला छुपे पिस्तूल बाळगण्यासाठी परवानाही लागत नाही. त्यामुळे 'स्वस्त पिस्तूल चांगले की वाईट' हा वाद इथे मी प्रत्यक्ष ऐकतो आणि त्यातले काही आपल्यालाही उपयोगी पडेल.

माझ्या घरापासून फार दूर नाही अशा मॅन्सफील्ड गावात हाय-पॉइंट नावाची पिस्तुले बनतात. दुकानात इतर नामांकित पिस्तुलांच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत ती मिळतात. दिसायला ओबडधोबड, वरचा भाग जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामाचा, म्हणून जड आणि डोक्याकडे झुकणारी. आतली रचना अतिशय साधी: गोळी सुटताना मागे येणारा धक्का कुलूपबंद यंत्रणेने नव्हे, तर त्या जड भागाच्या वजनानेच आवरला जातो. सुटे भाग कमी, म्हणून किंमत कमी. कंपनी आयुष्यभराची हमी देते, पिस्तूल दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेले असले तरी. नेमबाजीच्या मैदानावर लोक त्याला हसतात, पण माझ्या शेजारच्या एकट्या राहणाऱ्या परिचारिका आजींकडे तेच आहे, कारण तेवढेच त्यांना परवडले. स्वस्त हत्याराच्या बाजूने इथे दिला जाणारा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे, की स्वतःच्या रक्षणाचा अधिकार फक्त ज्याच्याकडे पैसा आहे त्याचाच असू नये. हा मुद्दा मला पटतो.

परंतु दुसरी बाजूही इथेच घडली. १९६८ च्या कायद्याने छोट्या स्वस्त पिस्तुलांची आयात रोखली गेली, तेव्हा ती जागा भरून काढण्यासाठी लॉस एंजेलिसच्या आसपास अनेक छोटे कारखाने उभे राहिले. त्यांतल्या एका कारखान्याच्या पिस्तुलाची रचना अशी होती की नळीतली गोळी बाहेर काढायची तर आधी सुरक्षा-खटका उघडावाच लागे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात असे पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि एक सात वर्षांचा मुलगा कायमचा पांगळा झाला. २००३ मध्ये ज्युरीने त्या कारखान्याला जबाबदार धरले आणि कारखाना दिवाळखोरीत गेला. तेव्हा 'स्वस्त' म्हणताना पैसे कोठे वाचवले आहेत ते पाहावे. चकाकी आणि नक्षीत वाचवले असतील तर हरकत नाही. सुरक्षा-खटक्यात वाचवले असतील तर ते हत्यार फुकट मिळाले तरी घेऊ नये.

मृणाल_नेमबाज :

ओहायोकरांचा शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा आहे, त्याला धरूनच लिहिते. मी पूर्वी २५ मीटर पिस्तूल प्रकारात राज्य पातळीवर खेळले आणि आता मुलींना शिकवते. खेळाचे पिस्तूल महाग असते, आणि त्या किमतीला कारण असते. त्याची मूठ खेळाडूच्या तळहाताप्रमाणे तासलेली असते, चाप किती वजनाला सुटावा हे ग्रॅममध्ये जुळवता येते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिच्या हातातल्या पिस्तुलाची किंमत लोक विचारतात, पण तिने रिकाम्या पिस्तुलाने किती हजार वेळा चाप ओढला असेल हे कोणी विचारत नाही.

घरच्या रिव्हॉल्व्हरचे निकष वेगळे आहेत. ते पडले तर गोळी सुटते का, हा पहिला निकष. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या हातून त्यांचे स्वतःचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर पडले आणि गोळी त्यांच्या पायात शिरली, हे सर्वांनी वाचले असेल. जुन्या घडणीच्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर काडतुसावर आदळणारा मागचा भाग, खाली टेकलेला असताना त्याची टोचणी काडतुसाच्या बुडाशी असते. घोड्यावर आघात झाला की काडतूस पेटू शकते. म्हणून जुने लोक घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवत. ज्यांना जुनी परदेशी हत्यारे लाखो रुपयांना घ्यायची हौस आहे, त्यांनी एवढे तरी आधी तपासावे. नव्या रचनेत चाप पूर्ण ओढल्याशिवाय टोचणी काडतुसापर्यंत पोहोचू नये, अशी अडसराची पट्टी असते. आपल्या हत्यारात ती आहे की नाही हे विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर न सोडता शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून पाहून घ्यावे.

दुसरा निकष चापाचा. आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायचा तर जड लागतो. माझ्याकडे आलेल्या एका ताईंना पहिल्या दिवशी तो पूर्ण ओढताच येईना. त्यांनी दोन्ही हातांची बोटे लावली आणि नळी चार बोटे उजवीकडे गेली. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे पाचशे ग्रॅमच्या आसपासचे रिव्हॉल्व्हर आले तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती, आणि त्याहून हलके .२२ चे 'निडर' पुढे सुमारे ३५ हजारांना आले. वजन कमी झाले, किंमतही एका बाबतीत कमी झाली, पण हलक्या हत्याराचा झटका मनगटाला अधिक जाणवतो हे कोणी जाहिरातीत सांगत नाही. स्वस्तात घ्या आणि वाचलेले पैसे प्रशिक्षणात घाला, एवढेच मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शस्त्र नियमांतले सुरक्षा प्रशिक्षण कागदासाठी उरकणारे पुष्कळ आहेत.

कोकणकडा :

आमच्या सिंधुदुर्गात परवाने आहेत ते बहुतांशी शेतीसंरक्षणाच्या बंदुकांचे. माकडे, रानडुकरे, गवे. माझ्या घरी एकनळी आहे, तिची आजच्या भावात फार किंमत येणार नाही, आणि तिचा फोटो घ्यावा असे घरात कोणाला सुचलेही नाही. निवडणुकीत ती जमा करावी लागते तेव्हा काजू-बागायतीचे नुकसान होते, हे दुःख आमचे वेगळे आहे. रिव्हॉल्व्हरचा अनुभव नाही, म्हणून थांबतो. पण तराजूसाहेब म्हणतात ते 'फवारणीच्या पंपासारखे' मला नेमके वाटले.

निवृत्त_अंमलदार :

एक धोका राहून जातो म्हणून पुन्हा लिहितो. 'स्वस्त हत्यार' हे शब्द ऐकले की अनेक तरुणांच्या मनात गावठी कट्टा येतो. त्याची आणि कारखान्यातल्या स्वस्त रिव्हॉल्व्हरची तुलनाच होऊ शकत नाही. कारखान्यातले प्रत्येक हत्यार नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून तपासले जाते आणि मगच त्यावर ठसा उमटतो. कट्ट्याच्या नळीला असा कोणताही कस लागलेला नसतो. ती हातात फुटून अंगठा आणि तर्जनी गमावलेला एक मुलगा मी रुग्णालयात जबाब घेण्यासाठी गेलो तेव्हा पाहिला आहे. वय बावीस. त्याला जबाबावर सही करता येत नव्हती, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. कोणाला मारायचे म्हणून त्याने कट्टा घेतला नव्हता. वाढदिवसाला केकशेजारी ठेवून व्हिडिओ काढायचा होता. विनापरवाना पिस्तूल जवळ सापडले तर जामिनासाठी किती खेटे घालावे लागतात, हे त्याच्या वडिलांनी पुढे दोन वर्षे अनुभवले.

आणि परवाना असला म्हणजे मिरवण्याची मुभा मिळाली असेही नाही. जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्या जमिनीच्या वादाची एक चित्रफीत राज्यभर पसरली. त्यात एक महिला हातात पिस्तूल घेऊन शेतकऱ्यांशी वाद घालताना दिसत होती. चित्रफीत वर्षभरापूर्वीची होती, तरी पुणे ग्रामीण पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि अटकही झाली. फोटो आणि चित्रफीत यांना मुदत नसते. दत्ताभाऊ, आपले 'थोडे दिसणे' कोणाच्या मोबाइलमध्ये साठते आहे, ते आपल्याला कळणार नाही.

दत्ता_पा :

अंमलदारसाहेब, तो मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पंपावर येणारा प्रत्येक जण मोबाइल हातात धरूनच उभा असतो. म्हणजे म्यान सदऱ्याच्या आत गेले पाहिजे, हे मान्य. तरी एक प्रश्न उरतो. आपण सारे साध्या हत्याराची शिफारस करता, पण नव्या परवानाधारकाने कोणते घ्यावे? 'प्रबल' घ्यावे असे मला दोघांनी सांगितले आहे.

मृणाल_नेमबाज :

'प्रबल' ऑगस्ट २०२३ मध्ये आले. कानपूरच्याच सरकारी कंपनीचे, .३२ चेच, सिलिंडर बाजूला उघडणारे, सुमारे सातशे ग्रॅमचे. जुन्या सरकारी रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर खाली झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. सिलिंडर बाजूला निघणाऱ्या रचनेत तो सांधा नसल्याने चौकट अधिक मजबूत राहते. पल्ला पन्नास मीटरचा सांगतात. तो आकडा ऐकून हत्यार घेऊ नका, कारण घरात किंवा पंपावर प्रसंग आलाच तर तो पाच-सात मीटरच्या आतला असतो. आधी हातात धरून पाहा, रिकाम्या सिलिंडरवर चाप एका बोटाने सलग ओढता येतो का पाहा, आणि ज्याचा ओढता येईल ते घ्या. त्यात सर्वांत स्वस्त बसत असेल तर तेच घ्या.

गोदाकाठ :

मृणालताई, एक विनंती. हे सारे आपण कधी आमच्याकडे येऊन परवानाधारकांसमोर बोलाल का? पोलीस बोलावतात तेव्हा लोक कारवाईच्या भीतीने येतात आणि मान डोलावून जातात. खेळाडू बोलली तर पोरे ऐकतील. प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था आमच्या वाचनालयातर्फे होईल.

मृणाल_नेमबाज :

अवश्य येईन. दिवाळीनंतरची तारीख निरोपातून कळवा. हत्यारे कोणी आणू नयेत एवढी एकच अट. मी लाकडी नमुने घेऊन येईन.

तराजू :

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ, आपले 'प्रदर्शनाला किंमत लागत नाही, प्रेक्षक लागतात' हे मला मान्य करावे लागते. माझे मूळ म्हणणे तेवढ्यापुरते अपुरे होते. माझ्या पुतण्यालाही रिव्हॉल्व्हर स्वस्त आहे हे ठाऊकच होते, तरी त्याने उचललेच.

त्याच्याबद्दल विचारणा झाली नाही, पण लिहितो. गेल्या रविवारी मी त्याला समोर बसवून रिव्हॉल्व्हर साफ केले. त्याच्या हाती काही दिले नाही. नळी खाली झुकवून उघडली, सहाही घरे रिकामी आहेत हे त्याला मोजायला लावले, कापड ओवलेला गज प्रत्येक घरातून फिरवला. चौथ्या घरातून कापड हिरवट निघाले, म्हणजे पावसाळ्याची ओल तिजोरीतही शिरली होती. ते पाहून तो म्हणाला, काका, हे तर नुसते यंत्र आहे. त्याच्या आवाजात थोडी निराशा होती. मला त्या निराशेचे बरे वाटले.

ओलीवर उपाय म्हणून आता म्यानातून काढून तेलकट कापडात ठेवतो, कारण कातड्याच्या म्यानात ओल धरते. आणि खंडेनवमीबद्दल घरात बोलणे झाले. पुढच्या वर्षी पाटावर तराजू, वजने, कसोटीचा दगड आणि वह्याच असतील. रिव्हॉल्व्हर बाहेर काढायचे नाही, कुंकवाचे बोट तिजोरीच्या दाराला लावायचे, असे सौभाग्यवतींनी सुचवले आणि आईनेही त्याला होकार दिला.